तुर्की: 'गेल्दी' की 'गेल्मिश'?

हर्णैकर: मी जहाजावर मोटरमन. मागच्या कॉन्ट्रॅक्टला जहाज इस्तंबूलजवळ तुझल्याला ड्रायडॉकमध्ये होतं, तिथे तुर्कीचा नाद लागला. सध्या घरी आहे, बाहेर पाऊस, म्हणून पुस्तक घेऊन बसलोय.

गेल्दी म्हणजे 'आला', गेल्मिश म्हणजेही 'आला'. तिथे गेटवरच्याचं ऐकून मी फोरमनला 'उस्ता गेल्दी' म्हणजे मिस्त्री आला असं सांगितलं. तो तीन जिने उतरून गेला, खाली चिटपाखरू नाही. वर येऊन मलाच झापलं. माझं चुकलं काय?

आणि 'बालिक', 'बालिई' दोन्ही मासाच ना?

आंजर्ल्याची: अहो, तुम्ही डोळ्यांनी बघितल्याची ग्वाही दिलीत की! दी म्हणजे मी पाहिलं, किंवा मला शंका नाही (१९२३ साली प्रजासत्ताक झालं, तेही दीच). मिश म्हणजे ऐकलं, नाहीतर खुणेवरून कळलं. तुमच्याच बंदरावर लिलावाला उभे आहात, होडी समोर लागली: तेक्ने गेल्दी. घरात बसलाय आणि शेजारीण टोपली घेऊन धावत सुटली: तेक्ने गेल्मिश, 'होडी आली वाटतं'. सकाळी खळं ओलं दिसलं तर रात्रीच्या पावसालाही मिशच, तुम्ही घोरत होतात ना! स्वतःलाही लागतो: उयुमुशुम, 'डोळा लागला की माझा'. मिशचा मुश झाला तो आधीच्या स्वरामुळे. दीचंही तसंच: गेल्दी, पण ओल्दू.

गुहागरी: माशाचं मी सांगतो. 'बालिक आल्दिम' म्हणजे मासळी घेतली, कुठली का असेना. 'बालिई आल्दिम' म्हणजे तोच मासा, ज्यावरून काल घासाघीस झाली. आपल्या 'मुलगी बघितली' आणि 'मुलीला बघितलं' मधला फरक आठवा. क गळल्यासारखा वाटतो कारण स्वर लागला की तो मऊ पडतो. बाकी विभक्ती सरळ: गेमिये जहाजाकडे, गेमिदे जहाजावर, गेमिदेन जहाजावरून. घोडा-घोड्याला असलं सामान्यरूपाचं लफडं नाही. आणि हो, तुर्कीत 'मासा' म्हणजे टेबल! 'बालिक मासादा' म्हणजे मासा टेबलावर आहे.

हर्णैकर: म्हणजे 'उस्ता गेल्मिश' म्हटलं असतं तर फोरमनने आधी फोन तरी केला असता. बरं, स्वयंपाकघरातून वास येतोय, आईने सुका बांगडा भाजलेला दिसतोय. इथे मिश ना?

आंजर्ल्याची: मिशच. ताटात आला की गेल्दी.