परराष्ट्र सेवेची तयारी: पुण्यातल्या कॉलेजांनी नेमकं काय शिकवावं?

मुळाकाठ (धागाकर्ती)
बारावीचे निकाल लागले की पालक विचारायला येतात, "मुलीला आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवेत अधिकारी, व्हायचंय, कुठले विषय घेऊ?" मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याकडेच पाठवला जातो. माझं मत असं, की कॉलेजांनी या मुलांना एक परकी भाषा पक्की शिकवावी, जगातल्या एका प्रदेशाचा कसून अभ्यास करून घ्यावा आणि थोडक्यात, नेमकं लिहायला शिकवावं. आपण मात्र मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल, भरवतो. दोन दिवस भाषणं होतात, सर्टिफिकेटं वाटली जातात आणि तयारी झाली असं मुलांना वाटतं.

पुण्यात काय नाही? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, गणेशखिंडीला संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, १९३० सालापासूनची अर्थशास्त्राची गोखले संस्था आहे. पण बीएच्या एकाच मुलाला या तिन्हींचा लाभ सहज मिळेल अशी वाट मला दिसत नाही.

एक अनुभव सांगते. युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली होती, ती २०१५च्या सुरुवातीला उठवली. मी वर्गाला सांगितलं, बंदी नुकतीच लागली आहे, तुम्ही ब्रसेल्सच्या भारतीय दूतावासात आहात, दिल्लीला एक पानी टिपण पाठवा. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने चार पानं लिहिली. त्यात पोर्तुगीज आले, हापूसची थोरवी आली, कोकणची अर्थव्यवस्था आली. युरोपची हरकत नेमकी कशाला आहे, आपण निर्यातीआधी कोणती तपासणी दाखवू शकतो, पुढच्या हंगामाआधी कोणाशी बोलायचं, यावर एक ओळ नव्हती. दुसऱ्या खेपेला त्याने दीड पानात आटोपलं आणि उष्ण बाष्प प्रक्रियेचा (गरम वाफेने फळातल्या माशीच्या अळ्या मारण्याचा) मुद्दा पहिल्याच परिच्छेदात आणला. म्हणजे हे शिकवता येतं, आणि पदवीच्या वयात शिकवता येतं.

नवीपेठकर
मॅडम, तळमळ पोचली, पण पटलं नाही. परराष्ट्र सेवेत दरवर्षी तीस-चाळीस जणांची निवड होते, एखाद्या वर्षी थोडी जास्त. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, असे २०२५ गुण. त्यात तुमच्या जपानी-जर्मनला एकही गुण नाही. निवड झाल्यावर भाषा सरकारच ठरवून देतं, परदेशात ठेवून शिकवतं, आणि ती परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरीत कायम करत नाही. इथे तीन वर्षं जपानी घासलेल्याला तिकडे अरबी मिळू शकते. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे. १९८३ साली सेवेत गेले आणि जपानी त्यानंतर शिकले. आधी पूर्व परीक्षा निघू द्या, बाकीचं पुढे.

मुळाकाठ
जागा कमी आहेत म्हणूनच तर मी हे म्हणतेय. ज्यांची निवड होत नाही त्यांचं काय? सहा प्रयत्न संपलेला मुलगा तिशी ओलांडून गावी परततो तेव्हा त्याच्या हातात काय असतं? जपानीची एन२ पातळीची परीक्षा झालेल्या मुलीला चाकणच्या जपानी कंपन्यांत काम आहे. सेवेत गेलेल्यांचंही तेच. विजय गोखले चिनी भाषेत मुरले, चीनमध्ये राजदूत झाले, मग २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव. एका प्रदेशाचा असा ध्यास विशीत लागला तर बिघडलं कुठे?

अक्षरगंध
मी जर्मन शिकवते. ए१, म्हणजे पहिली पातळी, झालं की पालक विचारतात, "झालं ना जर्मन?" ए१ला मुलं स्वतःची ओळख करून देतात आणि हॉटेलात जेवण मागवतात, तेवढंच. बातमी वाचून आपलं मत मांडायला बी२, म्हणजे चौथी पातळी, लागतं आणि कॉलेज सांभाळून त्यात तीन वर्षं सहज जातात. म्हणून लवकर सुरुवात हवी, या बाबतीत मुळाकाठताईंशी सहमत.

पण जर्मन, फ्रेंच, जपानी यांच्यापलीकडे आपण बघतच नाही, याचं मला वाईट वाटतं. मराठ्यांच्या इतिहासाचे किती कागद फारसीत आहेत, आणि त्याच पुण्यात आज फारसी शिकायला कोणी फारसं येत नाही. इराण, अफगाणिस्तान, येमेन, आफ्रिकेतले देश, इथली मुलं आपल्या वर्गात शेजारी बसतात. त्यांच्या देशात काय चाललंय हे आपल्या मुलांनी कधी विचारलंय? प्रदेशाचा अभ्यास तिथून सुरू करा, पैसे लागत नाहीत.

एक पालक
मुलीला एका खाजगी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीला घातलं. माहितीपत्रकात राजदूतांचे फोटो होते. फी भरायला कर्ज काढलं. तिसऱ्या वर्षी कळलं, परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीतूनच जातो आणि त्याला कुठलीही पदवी चालते. पहिल्या दिवशी हे कोणी का सांगितलं नाही? काय शिकवायचं ते शिकवा, पण आधी खरं सांगा.

नवीपेठकर
पालकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. एक गोष्ट मलाही मान्य: लिखाण. सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत वीस उत्तरं लिहायची असतात, तिथे ते एक पानी टिपण कामाला येईल. भाषेचं मात्र अजून पटत नाही. मराठवाड्यातून आलेला मुलगा खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी यांतच मेटाकुटीला येतो. मुख्य परीक्षा तो मराठीतून देतो, त्याची इंग्रजीची धास्ती अजून गेलेली नाही. त्याच्यावर तिसरी भाषा लादली तर तुमची तयारी फक्त कोथरूड-औंधच्या सुखवस्तू मुलांची होईल.

मुळाकाठ
म्हणूनच बाहेरच्या क्लासची भाषा मला नको, पदवीतली हवी. त्याच फीमध्ये, क्रेडिटसकट, सलग तीन वर्षं. ज्याला घरून काही मिळत नाही त्याला कॉलेजनेच द्यायचं. जूनमधल्या विभागाच्या बैठकीत हा प्रस्ताव ठेवतेय, टिपण लेखनासकट. अक्षरगंध, अभ्यासक्रमाला तुमची मदत लागेल.

अक्षरगंध
नक्की. पण वर्गात वीसच्या वर मुलं नकोत, नाहीतर कोणी तोंडच उघडत नाही.

नवीपेठकर
ठेवा प्रस्ताव. फक्त तो तास दुपारी ठेवू नका, संध्याकाळी सहानंतर घ्या. माझ्या खोलीवरचे दोघं दुपारभर कामाला असतात.