सार्वजनिक बागेतील हिरवळ काढून इथलीच झाडेझुडपे लावावीत का?

प्रश्न (हिंडलगा, बेळगाव)
नमस्कार. आमच्या वसाहतीच्या सार्वजनिक बागेत सुमारे पाच गुंठे हिरवळ आहे. मार्चनंतर एका चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर पाणी धरले, तरी रोजचे अडीच हजार लिटर, म्हणजे दर दोन दिवसांना पाच हजार लिटरचा एक टँकर केवळ गवतावर जातो. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली जाते तीही नेमकी याच दिवसांत. घरात पिंपावर झाकण ठेवून तांब्या-तांब्याने पाणी वापरायचे आणि समोर बागेत तासभर पाइप चालू पाहायचा, हे मनाला पटत नाही. त्यामुळे कमी पाण्यावर तगणारी स्थानिक झाडेझुडपे लावावीत, असे काही रहिवाशांचे म्हणणे आहे. मात्र सकाळी योगासनांना येणारी ज्येष्ठ मंडळी आणि संध्याकाळी खेळणारी मुले यांची जागा जाईल, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. माती तांबडी असून फूटभर खाली जांभा दगड लागतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ (खानापूर)
मी बरीच वर्षे रोपवाटिकेत काम करतो. सगळी हिरवळ एकदम काढू नका. बसण्या-खेळण्यापुरता एक गुंठा हरळीसाठी ठेवा. ती उन्हाळ्यात पिवळी पडेल, पण वळवाचे दोन पाऊस झाले की पुन्हा फुटते, तेव्हा पिवळी दिसली म्हणून तिला पाणी पाजत बसू नये. उरलेल्या भागातले गवत मुळासकट खणून काढा, कारण हरळीचा एक कांडा जरी राहिला तरी पावसाळ्यात ती नव्या रोपांना वेढून टाकते. दीड फुटांचे खड्डे मे महिन्यातच घ्या, तळाचा जांभा पहारीने फोडा, नाहीतर जुलैत खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. शेणखत मिसळून खड्डे भरा आणि पहिला चांगला पाऊस होताच रोपे लावा.

कुंपणाला करवंद लावावे. काटे असल्यामुळे वाटेजवळ नको. मध्ये धायटी, निरगुडी, मुरुडशेंग, कोरांटी आणि सावलीच्या कडेला अडुळसा चालेल. धायटीला उन्हाळ्याच्या तोंडावर लाल फुले येतात, तेव्हा शिंजीर पक्षी दिवसभर तिच्यावर असतात. घाणेरीची फुले छान दिसतात म्हणून ती कोणी सुचवील, पण ती इथली नव्हे आणि एकदा पसरली की आवरत नाही. दोन रोपांमधली जमीन उघडी ठेवू नका. तीन बोटे जाडीचा पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी असा पाला बाजूला सारून खालची माती मुठीत घेतली, तर ती गार लागते आणि तिचा गोळा होतो. हातभर अंतरावरच्या उघड्या जमिनीला मात्र भेगा पडलेल्या असतात.

उत्तर २ (निपाणी)
आमचा असा प्रयत्न पहिल्याच वर्षी फसला, म्हणून लिहिते. एका शाळेच्या आवारात आम्ही ऑगस्टमध्ये तरवड आणि निरगुडीची रोपे लावली होती. गवत कापायला आलेल्या कामगाराला ती रोपे आहेत हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याने तण समजून निम्मी छाटून टाकली. त्याचा दोष नव्हता, आम्हीच खुणेच्या काठ्या रोवल्या नव्हत्या. उरलेली रोपे एप्रिलमध्ये वाळली, कारण ‘स्थानिक झाडाला पाणी लागत नाही’ असे आम्ही धरून चाललो होतो. मुळे खोल जाईपर्यंत पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा तरी भरपूर पाणी द्यावेच लागते. तिसऱ्या वर्षापासून ते बंद करता येते. आमची जमीन काळी आहे, तिथे तरवड उत्तम येतो. तुमच्या जांभ्यावर मात्र वर सुचवलेल्यांपैकी करवंद आणि धायटी यांनाच पहिली पसंती द्यावी, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनापासून आभार. यंदा कुंपणालगतच्या एका गुंठ्यापासूनच सुरुवात करू आणि माळीकाकांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घेऊ. प्रत्येक झाडाजवळ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नाव लिहिण्याचा विचार आहे. निरगुडीला कन्नडमध्ये ‘लक्की’ म्हणतात आणि करवंदाला ‘कवळी’, हे शेजारच्या आजींनी आजच सांगितले. करवंदाच्या दोन रोपांत किती अंतर ठेवावे?

उत्तर १ (खानापूर)
कुंपण दाट हवे असेल तर तीन फूट, फळे हवी असतील तर सहा फूट.