डायलिसिसच्या पेशंटला रात्रभर झोप नाही, कोणते अॅक्युप्रेशर पॉइंट दाबायचे?

आर्णीकर:
पेशंट ५८ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला धमनी-शीर जोडून केलेली जागा) डाव्या हाताला, शुगरही आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. घरी कोणते पॉइंट, किती वेळ दाबायचे? पायाच्या तळव्याला लाकडी रोलर चालते का?

फिजिओ_पुसद:
आधी हे पाहा भाऊ: डाव्या हाताला दाब नकोच. प्रवाह अडला की गुठळी होते, फिस्टुला बंद पडते.
उजव्या मनगटाच्या आडव्या घडीवर, करंगळीच्या बाजूला खळगा लागतो, तो शेनमेन. त्याच घडीपासून तीन बोटं वर, मूठ वळल्यावर उठणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधात नेईगुआन. बोटं पेशंटची मोजा, तुमची नाही. इथंच बहुतेकांचं चुकते. पायाला आतल्या घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या मागच्या कडेला सान्यिनजियाओ (गरोदर बाईला हा दाबू नये). अंगठ्यानं हळूहळू दाब वाढवा, ठणक जाणवावी पण तोंड वाकडं होऊ नये. प्रत्येक पॉइंटला २-३ मिनिटं, झोपायच्या अर्धा तास आधी. चार आठवडे तरी करा, दोन रात्रींत निकाल मागू नका.

सिस्टर_वर्धा:
रोलर अजिबात नको. शुगरमुळे तळवा बधिर असला तर सोललं तरी कळत नाही. बोटं मुडपल्यावर तळव्याच्या पुढच्या भागात पडणारा खळगा नुसत्या अंगठ्यानं दाबा, आधी कातडी पाहून. डायलिसिसच्या दिवशी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं असते, दाब निम्मा ठेवा, नाहीतर काळंनिळं पडते.
अन् पेशंट मशीनवर चार तास घोरत असेल तर रात्री झोप कुठून येणार? पाय सारखे हलवावेसे वाटतात का? डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. अंगाला खाज असेल तर रक्तातलं फॉस्फरसही तपासा. आडवं होताच दम लागत असेल तर अंगात पाणी साचलं असू शकते. तिथं पॉइंट दाबत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. झोपेची गोळी मनानं देऊही नका, चालू असलेली बंदही करू नका.

आर्णीकर:
फिस्टुला चालू आहे हे घरी कसं कळते?

सिस्टर_वर्धा:
रोज सकाळी त्यावर बोटं हलकी टेकवा. मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका, त्याच घडीला सेंटरला फोन.