झाडीपट्टीतील यंदाची नाटके कोठे व कधी पाहावीत?

प्रश्न (पुण्याहून)
झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून झाडीपट्टीचे नाटक त्याच मातीत बसून पाहावे, असे मनात आहे. पुण्यात वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून आम्ही प्रयोग ठरवतो. तिकडच्या आगामी प्रयोगांच्या तारखा कोठे मिळतील? सोबत माझी अडुसष्ट वर्षांची आई असेल. तिला रात्रभर बसणे झेपेल का?

उत्तर १ (ब्रह्मपुरीहून)
आपण आधी नाटक निवडू पाहत आहात, आमच्याकडे आधी गाव निवडावे लागते. प्रयोगाची तारीख गावची मंडई (जत्रा) किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांवर ठरते, आणि गावातील मंडळ वडसा (देसाईगंज) येथील नाट्यसंस्थांच्या कार्यालयात जाऊन नाटक ठरवते. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि हंगाम होळीच्या सुमारास आटोपतो. वडसा हे गोंदिया–बल्लारशाह मार्गावरील स्थानक आहे. तेथे उतरून कार्यालयांत चौकशी केलीत, तर पुढच्या आठवड्यात कोणत्या गावी काय आहे ते कळेल. मोठ्या शंकरपटाच्या गावी एकाच रात्री दोन-तीन नाटकेही असतात.

उत्तर २ (गडचिरोलीहून, सध्या नागपूर)
वरील माहिती योग्य आहे. आईंविषयी मात्र मी सविस्तर लिहितो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, उघड्या मंडपात थंडी हाडांत शिरते, त्यामुळे घोंगडी व कानटोपी हवीच. तिकीट खुर्चीचे घ्यावे. पण त्यांना अवश्य आणा, कारण नाटकाच्या दिवशी येथे घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकींची बोलणीही निघतात, आणि एखाद्या ओळखीच्या घरी उतरलात तर आईंना मध्यरात्री तेथे विसावा घेता येईल.

प्रवेशांच्या मधल्या लावण्यांवरून काही शहरी प्रेक्षक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. पुढे बसलात, तर नटाच्या संवादाआधी प्रॉम्प्टरचा दबका आवाज कानी येईल. पुरेशा तालमी न होताही ते वाक्य नट क्षणात आपलेसे करतो आणि वर टांगलेल्या मायक्रोफोनखाली येऊन शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. हे कसब मी अन्यत्र पाहिलेले नाही.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तर मग पौषात येतो. शंकरपटाचे गाव आपणच सुचवावे, आईसाठी घोंगडी आजच काढून ठेवली आहे.