निफ्टी फ्युचर्ससोबत करन्सी पण करायचीय, ब्रोकर कुठला बघू?

नाशिकचा_ट्रेडर:
नमस्कार मंडळी, मी निफ्टी फ्युचर्स करतो, क्वांटिटी छोटीच असते. आता डॉलर-रुपया पण सुरू करावं म्हणतोय, पण ब्रोकरकडे करन्सी सेगमेंट चालू करायला सांगितलं तर ते डिक्लरेशन मागतायत, तुमचं एक्स्पोजर, म्हणजे परकीय चलनात येणं-देणं, आहे असं लिहून द्या म्हणे. आणि टेलिग्रामवर एकजण मागे लागलाय की बाहेरच्या ब्रोकरकडे खातं काढ, युरो-डॉलर मिळेल, लिव्हरेज 1:500 (म्हणजे भरलेल्या पैशाच्या 500 पट सौदा), पैसे यूपीआयने भरायचे. मला खरं तर दोन्ही एकाच खात्यात हवंय, मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) इकडून तिकडे फिरवत बसायला नको. काय करू?

बेदाणा_सांगली:
दादा पहिलं त्या टेलिग्रामवाल्याला ब्लॉक करा. आरबीआयची अलर्ट लिस्ट आहे, 2022 पासून निघतेय, त्यात असल्या अ‍ॅपची नावं आहेत, आणि नाव नसलं म्हणजे ते अधिकृत आहे असंही नाही. अशा ठिकाणी मार्जिनचे पैसे पाठवणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, विरोधात जातं, उद्या पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाणार कुठं?

आता डिक्लरेशनचं. 3 मे 2024 पासून एक्स्चेंजवर रुपयाच्या पेअरमध्ये (डॉलर-रुपया, युरो-रुपया अशा जोडीत) पोझिशन घ्यायची तर खरं कॉन्ट्रॅक्टेड एक्स्पोजर पाहिजे, म्हणजे पक्की ऑर्डर, इनव्हॉइस असं काहीतरी. 10 कोटी डॉलरपर्यंत कागद आधी द्यावे लागत नाहीत पण मागितले तर दाखवता आले पाहिजेत. नुसतं सट्ट्यासाठी करायचं असेल तर सही करू नका, कळकळीनं सांगतो.

एफओ_ठाणे:
+1. वरचं जमत असेल तर ब्रोकरला एवढं विचारा: इक्विटीचं आणि करन्सीचं मार्जिन एकाच लेजरमधून (खात्याच्या हिशोबातून) कापतात का, गहाण ठेवलेले शेअर करन्सीला चालतात का, आणि एक्स्पायरीच्या (कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या) दिवशी ते स्वतः किती वाजता स्क्वेअर ऑफ करतात, म्हणजे तुमचा सौदा बंद करतात, कारण डॉलर-रुपयाचं कॉन्ट्रॅक्ट त्या दिवशी दुपारी 12:30 लाच संपतं, निफ्टीसारखं साडेतीनपर्यंत नाही. आणि सेबीच्या साइटवर रजिस्ट्रेशन नंबर तपासा, आयएनझेडने सुरू होतो.

ब्रोकरेजचं म्हणाल तर एक लॉट (सौद्याचं किमान माप) 1000 डॉलरचा, टिक (भाव हलायची सगळ्यात छोटी पायरी) पाव पैशाची, म्हणजे एका टिकला अडीच रुपये. 10 पैसे हलले तर 100 रुपये. त्यात ऑर्डरमागे 20 रुपये फ्लॅट घेतले तर घेताना-विकताना 40 गेले, एकेका लॉटला ते परवडत नाही.

नाशिकचा_ट्रेडर:
बापरे, हे माहीतच नव्हतं. माझं स्वतःचं एक्स्पोजर काही नाही, पण मेव्हण्याची द्राक्षं नेदरलँड्सला जातात, बिलं युरोत. त्याच्या बिलांवर मी माझ्या खात्यात केलं तर चालेल ना?

बेदाणा_सांगली:
नाही दादा, ज्याचं एक्स्पोजर त्याचंच खातं. मेव्हण्याच्या फर्मच्या नावानं खातं काढा, तिथं युरो-रुपया विकून तो आपला रेट धरून ठेवू शकतो. मात्र आधी सकाळी अकराच्या सुमारास पुढच्या महिन्याच्या युरो-रुपयाची मार्केट डेप्थ (कुठल्या भावाला किती खरेदी-विक्रीच्या ऑर्डर आहेत ती यादी) उघडून बघा, डॉलरइतके खरेदीदार तिथं नसतात. बिड-आस्कमध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या आणि विकणाऱ्याच्या भावात, मोठी फट दिसली तर ब्रोकर कितीही स्वस्त असो, घेतानाच पैसे जातात. मग ज्या बँकेत त्याची एक्स्पोर्टची बिलं जातात तिथल्या फॉरेक्स डेस्कला फॉरवर्डचा (पुढच्या तारखेसाठी आजच ठरवलेला) रेट विचारा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मगच खात्याचं बघा. तुमचं निफ्टीचं खातं आहे तिथंच राहू द्या, ते हलवायचं काही कारण नाही.