पुराच्या बॅगेत न शिजवता खायचं काय ठेवायचं?

मुठाकाठची:
सिंहगड रोडला नदीच्या अंगाला राहतो, पहिला मजला. २५ जुलै २०२४ ला पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या स्कूटरचे नुसते आरसे दिसत होते. वीज गेली, गॅस बंद केला आणि निघालो. त्या घाईत मी स्वयंपाकघरातून काय उचललं असेल? मोड आलेली मटकी आणि कुकर! नवऱ्याने त्यावरून बोलायचं अजून सोडलेलं नाही.

यंदा बॅग आधीच भरून ठेवते आहे. कागदपत्रं, टॉर्च, गोळ्या झाल्या. अडलंय खाण्यावर. चार माणसं, दोन दिवस. मुलगा सात वर्षांचा. सासूबाई ७३ च्या, मधुमेह आहे, कवळी आहे. चिवडा, भाकरवडी, फुटाणे एवढं डोक्यात आहे. अजून काय?

कात्रज_ते_सिंहगड:
भाकरवडी घरीच संपवा. चिवडाही. तिखट-मीठ खाल्लं की पाणी लागतं, आणि बॅगेतली सगळ्यात जड वस्तू पाणीच. पिण्याला आणि किरकोळ वापराला माणशी दिवसाला ३ लिटर धरतात. चौघांचे १२ लिटर, म्हणजे १२ किलो, तेही एकाच दिवसाचे. ते उचलून जिना उतरून बघा एकदा.

आम्ही रात्रीच्या ट्रेकला शेंगदाणे-गूळ, खजूर आणि साधा खाकरा नेतो. खाकऱ्याचा चुरा होतो म्हणून चपट्या डब्यात. मुलासाठी बिस्किटं आणि खोक्यातलं दूध, जे न उघडता फ्रिजबाहेर टिकतं ते. खोकं छोटं घ्या, उघडलं की संपवावं लागतं. झटपट नूडल्स, ओट्स वगैरे ठेवू नका, गरम पाणी कुठून आणणार?

नारायणपेठी:
मुठाकाठची ताई, मी ७४ वर्षांचा, तुमच्या सासूबाईंच्याच वयाचा आणि त्यांच्यासारखाच कवळीवाला, म्हणून लिहितो.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाड्याचा खालचा मजला बुडाला, आम्ही माडीवर. आईने तांदळाचा डबा आणि तुरीची डाळ वर आणली होती, पण शेगडी खाली, कोळसा खाली, रॉकेल खाली. डबाभर तांदूळ मांडीवर घेऊन उपाशी बसलो होतो आम्ही! शेजारच्या काकूंकडे सातूचं पीठ होतं. त्यांनी पितळी वाटीत गूळ कुस्करून कालवलं आणि प्रत्येकाच्या हातावर लिंबाएवढा गोळा ठेवला. पिण्याचं पाणी म्हणजे आदल्या रात्री भरलेली एक कळशी.

तर सातूचं पीठ ठेवा. गहू आणि डाळं भाजून दळलेलं, जिरं घातलेलं. भाजलेलं असतं म्हणून गार पाण्यात चालतं. घरीच एकेका माणसाच्या पुड्या बांधा, मुलाच्या पुडीत गुळाची पावडर, सासूबाईंच्या पुडीत गुळाऐवजी मीठ आणि जिरेपूड. कालवताना आधी दोनच चमचे पाणी घालून घोटा, गुठळ्या मोडल्या की बाकीचं. पाणी लागतं खरं, पण ते पोटातच जातं, वाया जात नाही.

फुटाणे त्यांना देऊ नका. राजगिऱ्याचा लाडू मऊ असतो म्हणून लोक म्हाताऱ्यांना देतात. त्यातला एक दाणा कवळीखाली गेला की माणूस पूर विसरतो.

आंबिल_ओढा_२०१९:
आजोबांनी काय ते सांगितलं, मी कुठे ठेवायचं ते सांगते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याचं पाणी घरात आलं तेव्हा आमची बॅग तयार होती. दिवाणाच्या खणात! दिवाणच तरंगायला लागल्यावर आठवली. कुरमुऱ्यांचा लगदा, बिस्किटांची पेज. बॅग दाराजवळ उंच खुंटीला टांगा आणि खाणं घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

पुराचं पाणी लागलेलं उघडं अन्न किंवा फिरकीच्या झाकणाच्या बरणीतलं काही पोटात घालू नका, त्यात गटार मिसळलेलं असतं. आमच्याकडे लोणच्याची बरणी वरून स्वच्छ दिसत होती, तरी टाकली. ओआरएसची पाकिटंही ठेवा, पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच पाणी घाला, कमी-जास्त नाही.

आणि शेंगदाणे, दाण्याचा कूट पावसाळ्यापुरताच. वर्षभर बॅगेत राहिले की खवट होतात. मी वटपौर्णिमेला नवं भरते आणि नवरात्रात खाऊन संपवते.

मुठाकाठची:
काका, तुमचं वाचून सासूबाई म्हणाल्या, "पीठ मी दळून आणते, तुला डाळं किती भाजायचं ते कळणार नाही." आणलं. चक्कीवाल्याने आधी मिरच्या दळल्या होत्या, त्यामुळे पहिलं पावशेर तिखट निघालं, ते आमच्या ह्यांच्या पुड्यांत गेलं. (कुकरचा हिशोब चुकता.)

साखर उतरली तर म्हणून सासूबाईंच्या पर्समध्ये ग्लुकोज पावडर वेगळी ठेवली आहे, तीन चमच्यांची पुडी. बॅगेत ठेवली नाही, कारण बॅग नवऱ्याच्या पाठीवर आणि तो कायम चार पावलं पुढे.

एकच राहिलं. धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला की तेव्हाच्या तेव्हा दशम्या लाटून घ्याव्यात असं मनात आहे. पावसाळी हवेत किती टिकतील?

नारायणपेठी:
दुधात भिजवलेल्या दोन दिवस धरा, त्यापुढे वास घेऊन बघा. गरम असताना डब्यात भरू नका, घाम सुटतो आणि बुरशी येते. आणि मेसेज आल्यावर लाटत बसू नका हो. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी येतो, तेव्हाच तवा चढवा.