मदत हवी आहे : 'तेबे पोयेम'चा सर्बियन उच्चार

आमचा बारा जणांचा कॉयर (गायनवृंद) सर्बियन संगीतकार स्तेवान मोक्रान्यात्स (१८५६–१९१४) यांच्या लिटर्जीतलं, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासना-संगीतातलं, 'तेबे पोयेम' हे स्तोत्र बसवतोय. वाद्यांची साथ नसते, त्यामुळे उच्चार चुकला की लगेच कानाला खटकतो. नोटेशन आहे, सिरिलिक लिपीतले शब्द मी देवनागरीत उतरवलेत. भाषा चर्च स्लाव्होनिक (स्लाव्ह ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी प्रार्थनाभाषा, जी रशियन आणि सर्बियन लोक आपापल्या उच्चारात गातात), पण मला सर्बियन वळणच हवंय. रेकॉर्डिंग्ज ऐकली : रशियन कॉयर 'गोस्पोदि'तला 'दि' मऊ करतात, जवळजवळ 'जि', सर्बियन गायक आपल्यासारखा सरळ 'दि' म्हणतात. तेवढं जमलं. रशियन येणाऱ्यांना विचारलं, ते रशियन पद्धतच सांगतात. अडलंय 'मोलिम ति स्या'पाशी. तिथे आवाज इतका हळू होतो की नीट ऐकूच येत नाही. सर्बियन चर्चमध्ये तिथे 'स्या' गातात की 'से'?